पिवळ्या रेघेअलीकडचे बाळ टिपणीस

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळी दुनिया 'बाळ' म्हणते, यात आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. पण शुगर लँडच्या बाळ टिपणिसांकडे पाहिलं की वाटायचं, हा गृहस्थ लहानपणीसुद्धा बाळ नसणार. पाळण्यात ठेवल्यावर याने आधी दोरीची गाठ तपासली असणार, मग झोपला असणार.

सावधगिरीला हातपाय फुटले, तिने चष्मा लावला आणि ती टेक्सासला येऊन राहिली, तर ती हुबेहूब बाळकाकांसारखी दिसेल. कुणाच्याही घरी जेवायला गेले की चपला काढता काढता ते विचारणार, "तुमच्या पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हो?" यजमानांना तो बहुतेक माहीत नसायचा. मग चहा होईपर्यंत बाळकाका घराभोवती हिंडून तो शोधून काढायचे आणि यजमानांना हाताला धरून नेऊन दाखवायचे. मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांच्या हातात टाळ असायचे, यांच्या कडेवर आग विझवायचं लाल नळकांडं. पोरं त्यांना 'एक्झिट काका' म्हणायची. सरलाकाकू म्हणायच्या, "यांच्याशी संसार म्हणजे रोज विमानात बसल्यासारखं आहे. सूचना सगळ्या देऊन होतात, विमान काही उडत नाही."

नोकरीच तशी होती. ह्यूस्टनच्या खाडीकाठी जे रसायनांचे कारखाने आहेत, त्यांतल्या घराएवढाल्या कॉम्प्रेसरांवर त्यांचं आयुष्य गेलं. वायू दाबून दाबून पुढे ढकलणारी ती यंत्रं चालवायचं काम दुसऱ्यांचं होतं. बाळकाकांचं काम थांबवायचं. यंत्र जरा वेगळं थरथरलं, की लाल बटणावरचा अंगठा यांचा. साहेब लोक चिडायचे, एवढ्यातेवढ्यावरून काय कारखाना बंद पाडतोस म्हणायचे. बाळकाका निमूट ऐकून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेवढ्याच लवकर बटण दाबायचे. त्यांच्या पाळीत कुणाचं बोट गेलं नाही, एवढी एक गोष्ट ते स्वतःबद्दल अभिमानाने सांगत.

असा हा माणूस. रिटायर झाल्यावर तो रोझेनबर्गजवळच्या कुठल्याशा रानात गवत खात पडलेली एक १९७० सालची शेव्हेल गाडी घेऊन आला, आणि तिच्यासाठी गराजमध्ये इंजिन बांधायला बसला.

कारण फार जुनं होतं. टेक्सासमध्ये नवे नवे आलेले असताना बाळकाका एका सेकंडहँड डबड्यातून कामावर जायचे. एका सिग्नलला शेजारी तशीच एक गाडी येऊन उभी राहिली. तिच्या इंजिनाच्या नुसत्या गुरगुरण्याने यांच्या काचा थरथरल्या आणि शेजारच्या सीटवरच्या जेवणाच्या डब्यात चमचा वाजायला लागला. सिग्नल हिरवा झाला आणि ती गाडी तिथे नव्हतीच. फक्त जळक्या रबराचा वास. कुणी कॉलेजातल्या एखाद्या मुलीचं नाव जन्मभर मनात ठेवतं, बायकोला सांगत नाही. बाळकाकांनी तो चमच्याचा आवाज तसा ठेवला होता.

इंजिनही साधंसुधं नव्हतं. 'बिग ब्लॉक' म्हणतात त्याला. नुसतं लोखंड हलवायला साखळी आणि कप्पी लागते. त्याच्या डोक्यावर बाळकाका बसवणार होते ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जर. इंजिन आपल्या श्वासाने जेवढी हवा ओढतं तेवढी त्याला पुरत नाही असं गृहीत धरून, वरून आणखी हवा त्याच्या नरड्यात कोंबणारं यंत्र. समोरच्या बाजूला तळव्याएवढा रुंद दातेरी पट्टा, इंजिनाच्या चाकावरून निघून ब्लोअरच्या चाकावर गेलेला, उघडा. इंजिन पट्टा फिरवणार, पट्टा ब्लोअर फिरवणार, आणि ब्लोअर इंजिनाला आणखी चेव आणणार.

"म्हणजे हाही कॉम्प्रेसरच की," सरलाकाकू म्हणाल्या. "रिटायर होऊन ऑफिस घरी आणलंत."

"छोटा आहे गं."

"वाघाचं पिल्लूही छोटंच असतं. ते कुणी गराजमध्ये ठेवत नाही."

गराजमध्ये त्यांचा दुसरा फ्रीझर होता. खवलेला नारळ, कोथिंबिरीच्या वड्या, वालाचे सोललेले दाणे, असा सगळा ऐवज तिथे. त्यामुळे दिवसातून दोनदा तरी काकूंना त्या इंजिनावरून जावं लागे. बाळकाका काम नसेल तेव्हा त्याच्यावर जुनी सोलापुरी चादर टाकून ठेवत. चादरीखाली कुणीतरी पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखं दिसे. काकू नारळाची पिशवी घेऊन अंग चोरत, भिंतीला लागून परत यायच्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते तर अजून एकदाही सुरू झालेलं नव्हतं.

वर्ष-दीड वर्ष हे चाललं. प्रत्येक नट मोजून आवळायचा. बरोबर आवळला गेला की पान्याचा 'कट्' असा आवाज येई. भिंतीपलीकडे पोळ्या लाटताना काकूंना तो दिवसभर ऐकू येई. कट्. कट्. रेडमंडला असलेली लेक, केया, व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, सीरियसली, इट लुक्स लाइक अ बॉम्ब." तिच्या मागच्या खिडकीवरून पाऊस ओघळत होता. बाळकाका हसले. त्यांच्या हसण्याकडे पाहून काकूंना पहिल्यांदा बरं वाटलं नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाने लायटर पेटवतानाही मान मागे घेतली, तो एखाद्या चीजवस्तूकडे असं लाडाने पाहतो म्हणजे काय?

मग एका दुपारी इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडता निवडता बाळकाका खाली बसले. भेंडी हातात तशीच. शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी दुकानदाराला बजावलं, "ही वाट मोकळी ठेवा, लोक अडखळतील." पण त्यांचं हृदय मधूनच ठोका द्यायचं विसरत होतं. दोन दिवसांत डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा आला. पेसमेकर.

डॉक्टर राजीव देवतळे त्यांचे जुने मित्र, मूळचे नागपूरचे, हृदयाचे डॉक्टर, आता निम्मे रिटायर. ते घरी आले, खुर्ची ओढून समोर बसले.

"हे बघ बाळ, मी गाडी विकून टाक म्हणत नाही ना बाप्पा. थंड इंजिनाला मिठी मार, पापी घे, मला काही नाही. पण ते चालू झालं, की दोन हात लांब. वाकायचं नाही त्याच्यावर. त्याच्या ठिणग्यांचा जो गोंगाट असतो, तो या डबीला ऐकू जातो. डबीला वाटेल, याचं हृदय आपलं आपण चाललंय. मग ती गप्प बसेल."

"आणि हृदय?"

"ते डबीच्या भरवशावर बसलेलं असेल."

दोघं एकमेकांच्या भरवशावर राहिले की काय होतं, हे बाळकाकांना चांगलं ठाऊक होतं. कारखान्यातले सगळे अपघात त्यांनी असेच होताना पाहिले होते.

लोक भेटायला यायचे. ढोकळा, शिरा, एका घरून तर अख्खी पुरणपोळ्यांची चळत. येणारा बाळकाकांची चौकशी करायचा, मग हळूच गराजमध्ये डोकावून यायचा, आणि निघताना दारात काकूंना आवाज खाली आणून विचारायचा, "विल वगैरे केलंय ना?" समोरच्या घरातल्या कुटुंबाने मुलांचा बास्केटबॉलचा खांब उचलून घराच्या पलीकडच्या बाजूला नेला. बोलले काही नाहीत. टेक्सासचा उन्हाळा होता, हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसलेली, आणि त्या महिन्यात गिधाडं कशी कोण जाणे टिपणिसांच्याच छपरावर येऊन बसायची. बाळकाका म्हणायचे, छपरावर ऊन चांगलं येतं.

इंजिन एव्हाना गाडीत बसलं होतं. राहिलं होतं ते एकच काम, आणि तेच नेमकं बाळकाकांनी करायचं नव्हतं. सुरू करण्याचं.

बाळकाकांनी कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे इग्निशनला कुलूप घातलं आणि किल्ली काकूंच्या हवाली केली. काकूंनी ती देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवली. गराजच्या जमिनीवर बाळकाकांनी स्वतः पिवळी रेघ मारली. "मी या रेघेच्या अलीकडे," ते म्हणाले. एखादा मेकॅनिक बोलवायचं ठरलं. एक तरुण आला, त्याने आल्या आल्या फोन वर धरून व्हिडिओ काढायला सुरुवात केली, आणि ब्लोअरच्या उघड्या तोंडावर कॉफीचा कप ठेवला. बाळकाकांनी त्याला नम्रपणे त्याच्या गाडीपर्यंत सोडलं.

आणि मग एक दिवस काकू लायब्ररीतून लवकर परतल्या, तर गराजमध्ये बाळकाका रेघेच्या पलीकडे. इंजिन बंद होतं. पण कुलूप उघडं होतं.

किल्ली देव्हाऱ्यातच होती. काकूंनी जाऊन पाहिलं. म्हणजे बाळकाकांनी दुसरी करून घेतली होती.

बाकी कुणी केलं असतं तर ती साधी लबाडी. कुलूपबंद यंत्राची दुसरी किल्ली बाळ टिपणिसांनी करावी, म्हणजे भटजींनी सोवळ्यात मटण शिजवावं तसं होतं. काकू स्वयंपाकघरात आल्या, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळून निम्मं आटेपर्यंत नुसत्या पाहत राहिल्या. बाळकाका मागे येऊन उभे राहिले.

"नुसता पाहत होतो."

"हो."

"सुरू नसतं केलं."

"उद्या केलं असतंत. मी भाजीला गेले असते तेव्हा." काकूंनी आधणात चहाची पूड टाकली. "मी करते ते. तुम्ही रेघेच्या अलीकडून सांगा काय करायचं ते, मी करते."

"तू?"

"तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलंय मी. ज्यांची शीर डॉक्टरांना सापडत नाही, त्यांची मला सापडायची. तुमच्या त्या धुडाची एक खूण तेवढी वाचायची आहे ना?"

काम होतं ते असं. इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, ते इंजिन चालू असतानाच ठरवावं लागतं. ती वेळ चुकली, तर कोंबून भरलेली हवा आणि पेट्रोल नको त्या क्षणी पेटतं, आणि इंजिन स्वतःच्याच पोटात लाथा घालून फुटतं. त्यासाठी समोर खालच्या चाकावर एक पांढरी खूण असते. पिस्तुलासारखा एक दिवा तिच्यावर रोखायचा. तो चाकाच्या गतीने लुकलुकतो, त्यामुळे गरगर फिरणारं चाक जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं, आणि खूण वाचता येते. ती चुकीच्या जागी दिसली, तर इंजिनाच्या मागच्या बाजूची, ठिणग्या वाटणारी टोपी केसभर फिरवायची. आणि हे सगळं पट्ट्याच्या शेजारी वाकून.

शिवाय पहिल्या खेपेला इंजिन वीसेक मिनिटं चढ्या आवाजात, सलग चालवायचं. आतला कॅम नावाचा दांडा त्या वेळात आपली जागा धरतो. मध्येच रेंगाळलं तर तो स्वतःला खरवडून घेऊ शकतो, आणि मग सगळं पुन्हा उघडा.

बाळकाकांनी बंद इंजिनावर काकूंची तालीम घेतली. आठवडाभर. काकू वाकायच्या, दिवा रोखायच्या, "खूण दिसली" म्हणायच्या, टोपी फिरवल्यासारखं करायच्या. बाळकाका रेघेअलीकडून, हातात बटणांची पेटी घेऊन. हिरवं सुरू करायला, लाल थांबवायला. लांब वायर थेट इंजिनापर्यंत.

शनिवारी सकाळी गाडी ड्राइव्हवेवर, तोंड गराजकडे करून उभी केली. बॉनेट काढून टाकलेलं. राजीव देवतळे कॉफीचा थर्मास आणि आपली काळी बॅग घेऊन आले होते.

"भावजी, तुम्हीच का नाही करत हे?" काकूंनी टाय-अँड-डायचा ओढणीवजा स्कार्फ काढून ठेवत विचारलं. "तुमचे हात तर माझ्यापेक्षा स्थिर."

"वहिनी, मला चार कप्प्यांचं समजतं. याला आठ आहेत. मी आपला इथे उभा राहतो."

"कशाला?"

"लागलो तर."

हे वाक्य बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं, आणि ते थर्मासचं झाकण फिरवत बसले.

बाळकाकांनी पाहणी सुरू केली. कारखान्यात नव्या माणसाची करायचे तशीच, वरपासून खालपर्यंत. "केस?" काकूंनी घट्ट बांधले. "बांगड्या?" काकूंनी दोन्ही हातांतल्या पाटल्या, अंगठी, घड्याळ, सगळं काढून एका स्टीलच्या डब्यात टाकलं. "कानातलं?" तेही. "बाह्या?" टी-शर्ट अर्ध्या बाह्यांचा, गळ्याशी बंद. "बूट?" बूट. बाळकाकांनी मान डोलावली.

केस वर बांधताना काकूंची मान उघडी पडली, तेव्हा टी-शर्टच्या पट्टीपाशी एक काळी बारीक रेघ राजीवना दिसली.

ती कसली, हे त्यांना क्षणात कळलं. आणि तेवढ्याच क्षणात हेही कळलं, की बाळला हे माहीत नसणार. सरला टिपणीस मंगळसूत्र घालत नसत. गेल्या कित्येक वर्षांत घातलं नव्हतं. "नवऱ्याची नोंदणी माझ्या गळ्यात कशाला, कोर्टात आहे की," असं त्या भर कार्यक्रमात म्हणायच्या आणि बायका खुसखुसायच्या. मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये. मग ते आता तिथे, टी-शर्टच्या आत, लपवून?

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण सांगायचं काय? पेसमेकर बसवलेल्या नवऱ्यासमोर, त्याच्या डॉक्टरने, त्याच्या बायकोला म्हणायचं, वहिनी, तेवढं मंगळसूत्र काढून ठेवा? राजीव देवतळ्यांनी आयुष्यात लोकांना त्यांचे मृत्यू सांगितले होते, घसा न खाकरता. हे मात्र जिभेवर येईना. आत आहे, आतच राहील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि कॉफी ओतली. ती त्यांच्या बुटावर पडली.

"तयार?" बाळकाकांनी विचारलं.

"दाबा," काकू म्हणाल्या.

हिरवं बटण. एक क्षण कण्हल्यासारखं झालं, आणि मग ते उठलं.

आवाज कानांनी ऐकायचा असतो हे त्या आवाजाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो पायांतून वर आला. गराजच्या भिंतीवरचे पाने हुकांवर नाचायला लागले. छपरावरची गिधाडं एकदम उडाली. समोरच्या घरातले गृहस्थ झारी हातात धरून उभे होते, त्यांच्या झारीतलं पाणी त्यांच्या पायांवर पडत राहिलं. आणि त्या गर्जनेच्या वर, तिला बांधून ठेवल्यासारखी, ब्लोअरची एक बारीक, चढती शीळ. पट्टा दिसत नव्हता. पट्ट्याच्या जागी नुसती एक काळी झळ होती.

बाळकाकांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांपूर्वी जो आवाज शेजारून निघून गेला होता, तो आता त्यांचा होता. पाच पावलांवर.

काकू वाकल्या. दिवा लुकलुकायला लागला. खालचं चाक थांबलं. म्हणजे थांबल्यासारखं दिसलं. त्या प्रकाशात सगळंच थांबल्यासारखं, शांत, हात लावावा असं. खूण सावलीत होती. काकू आणखी वाकल्या. डोकं ब्लोअरच्या शेजारी, मान पुढे.

टी-शर्टच्या गळ्यातून काहीतरी निसटलं आणि खाली लोंबलं.

बाळकाकांना आधी ते ओळखू आलं नाही. लोंबती वस्तू. पट्टा. तीन बोटांचं अंतर. एवढंच त्यांना दिसलं, दिव्याच्या लुकलुकीत तुकड्या-तुकड्यांनी: आत, बाहेर, आत. दोन वाट्या चमकल्या. एक बारीक 'टिंग' झालं असावं. त्या गर्जनेत ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण पुढे ते शपथेवर सांगायचे की त्यांनी ते ऐकलं. अंगठा त्याआधीच लाल बटणावर गेला होता.

इंजिन एक उसासा टाकून बसलं. पट्टा आणखी काही फेरे फिरला आणि थांबला.

"बंद का केलंत?" काकू सरळ झाल्या. दिवा अजून हातात. "खूण आत्ता येत होती. आता तो तुमचा कॅम का फॅम—"

बाळकाकांनी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

काकूंचा हात गळ्याशी गेला. मग तो तिथेच राहिला. त्यांनी हळूच वाट्या मुठीत घेतल्या, मूठ उघडून पाहिली. एका वाटीची कड चपटी झाली होती, नखाने दाबावी तशी.

राजीव रंगाच्या एका उलट्या डब्यावर बसले. "मला दिसलं होतं," ते म्हणाले. "सुरू करायच्या आधीच."

"मग बोलला का नाहीत, भावजी?"

"कसं बोलणार वहिनी? काय म्हणणार?"

"काढा म्हणायचं. डॉक्टर आहात ना तुम्ही? लोकांचे कपडे काढायला सांगता."

राजीवनी मान खाली घातली. काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हे कळत नव्हतं.

"हसू नका," त्या बाळकाकांना म्हणाल्या.

बाळकाका हसत नव्हतेच. "कधीपासून घालतेस?"

"तुम्हाला ती डबी बसवली तेव्हापासून. लॉकरमधून आणलं. मला काही त्यातलं खरं वाटतं अशातला भाग नाही."

"मग?"

"मग काय. रात्रीपुरतं घातलं होतं. सकाळी काढवेना."

बाळकाका पिवळ्या रेघेवर उभे होते. इतकी वर्षं त्यांनी माणसांचे गळे, मनगटं, बाह्या तपासल्या होत्या. स्वतःच्या बायकोचा गळा त्यांनी तपासला नव्हता, कारण तो मोकळा असतो हे त्यांना माहीत होतं. यंत्राच्या बाबतीत 'मला माहीत आहे' म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा आठवडाभर घरी बसवलं होतं.

"विकतो मी हे," ते म्हणाले.

"विका. पण आज ते चालून होऊ दे." काकूंनी इंजिनाकडे पाहिलं. "नाहीतर तुम्ही पुन्हा उघडणार. आणखी वर्षभर मी भिंतीपलीकडून 'कट् कट्' ऐकू? मला ते नको आहे. आणि कधीतरी मी घरी नसताना..." त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही.

"ते आत खोचून चालणार नाही. काढावं लागेल."

"कळतंय मला."

त्यांनी ते डोक्यावरून काढलं. स्टीलचा डबा उघडला. पाटल्या होत्या, अंगठी होती. डब्याच्या तोंडाशी त्यांचा हात थांबला, आणि खाली जाईना. जिने जन्मभर या गोष्टीची थट्टा केली, ती बाई भर उन्हात डबा उघडून तशीच उभी राहिली. राजीव आभाळाकडे पाहू लागले.

बाळकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि मान पुढे वाकवली.

"इकडे दे," ते म्हणाले. "डब्यात कशाला."

काकूंनी रेघ ओलांडून ते त्यांच्या गळ्यात घातलं. पोलो शर्टवर, डाव्या बाजूच्या उंचवट्याच्या जरा खाली, काळे मणी आणि दोन वाट्या, एक चपटी. त्या ध्यानाकडे पाहून झारीवाले गृहस्थ घरात निघून गेले.

"छान दिसतं," काकू म्हणाल्या. "आता तुम्ही वाकू नका. तुमचा नियम आहे."

हिरवं बटण. पुन्हा ते पायांतून वर आलं. काकू वाकल्या, दिवा लुकलुकला, चाक थांबल्यासारखं झालं.

या वेळी बाळकाका इंजिनाकडे पाहत नव्हते. तो आवाज आता कानांवर येऊन पडत होता, एवढंच. ते काकूंच्या गळ्याकडे पाहत होते. कित्येक वर्षं तो गळा असाच मोकळा होता, आणि त्यात काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज तो दिसला. पुढे कधीतरी, ते नसताना, या घरात हा गळा असाच असेल, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं, की त्यांचा अंगठा लाल बटणावर आपोआप टेकला आणि वीस मिनिटं तिथेच राहिला. घाम मण्यांखालून ओघळत होता. काकूंनी मागे जाऊन टोपी केसभर फिरवली, पुन्हा पुढे येऊन वाकल्या, पुन्हा गेल्या. हात जराही कापला नाही. शेवटी त्यांनी न वळता अंगठा वर केला.

बाळकाकांनी बटण दाबलं. तापलेलं लोखंड टिकटिकत थंड व्हायला लागलं. बाकी सगळा रस्ता गप्प होता.

"खूण जागेवर आहे," काकू म्हणाल्या. "तुमचं धूड बरोबर चाललंय." त्यांनी हात पुढे केला. "द्या."

ते काढताना मणी बाळकाकांच्या कानात अडकले. राजीवनी पुढे होऊन सोडवले. बाळकाकांची बोटं त्यांच्या बाहीवर राहिली.

"राजीव, ही डबी बंद पडायची असली, तर आधी कळतं का रे?"

राजीवनी त्यांच्याकडे पाहिलं. दुनियेच्या घरचे मेन व्हॉल्व्ह शोधणाऱ्या या माणसाने हा प्रश्न इतक्या महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

"बॅटरी उतरायला लागली तर कळतं. पुष्कळ आधी कळतं. दर तपासणीला पाहतो आपण."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं म्हणजे?"

"बाकीचं."

"ते नाही कळत," राजीव म्हणाले.

"मी विचारलं होतं," सरलाकाकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी." आणि त्यांनी मंगळसूत्र गळ्यात घातलं, या वेळी टी-शर्टच्या वरून, आणि पाटल्यांचा डबा उचलून आत गेल्या.